बोलायला लागला म्हणून बंद केलेली फाइल

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या स्पीच थेरपीच्या क्लिनिकला एक मुलगा आला, मुलगा कसला, २४ वर्षांचा बाप्या, नखांत मशीनच्या ऑइलचं काळं आणि कडेवर सव्वादोन वर्षांची भाची. बाहेर बसणाऱ्या पोरीने नाव विचारलं तर याने आधी फोन काढला आणि एका जुन्या कागदाचा फोटो दाखवला, २००५ सालचा, माझं अक्षर, माझी सही. मग आत येऊन म्हणाला, "मॅडम, मी बाबू. ही बोलत नाही." एवढंच बोलला आणि खुर्चीत बसला.

बडोद्यात दर तिसऱ्या मराठी घरात एक बाबू असतोच, म्हणून इथे तेच नाव ठेवतेय. त्याला आणि त्याच्या आईला विचारून लिहितेय, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात. वीस वर्षांपूर्वीची केस उकरून काढायचं कारण म्हणजे मी ही फाइल एकदा "बरा झाला" लिहून बंद केली होती, आणि त्या दोन शब्दांवर माझं अजून स्वतःशी भांडण आहे.

फेब्रुवारी २००५. बाबू साडेतीन वर्षांचा. दांडिया बाजारमागच्या गल्लीतलं घर, वडील मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या वर्कशॉपमध्ये, आई घरी, थोरली बहीण, आणि आजी. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि नर्सरीत इंग्लिश, म्हणजे बडोद्याचं नेहमीचंच. त्याचे शब्द मोजून तीसच्या आसपास होते. त्यातला लाडका "दाई", म्हणजे गाडी, कमाटीबागेतल्या छोट्या ट्रेनवरून उचललेला, मग सायकल दाई, हातगाडी दाई, चाकं असलेला माझा स्टूलही दाई. दोन शब्द जोडणं अगदी क्वचित. आम्ही साधारण असं धरतो की दोन वर्षांच्या मुलाचे ५० शब्द तरी असावेत आणि "आई ये", "पाणी दे" असे दोन-दोन शब्द जोडायला लागावेत, हा त्यापेक्षा दीड वर्ष मोठा.

आईचं म्हणणं तेच जे प्रत्येक आईचं असतं, "मॅडम, समजतं सगळं, फक्त बोलत नाही." मग मी हात मांडीखाली घेतले, नजर त्याच्या तोंडावरच ठेवली आणि म्हटलं, "बाबू, बॉल खुर्चीखाली ठेव." त्याने बॉल मला दिला. परत सांगितलं, त्याने खुर्चीवर ठेवला. मग बोट दाखवून सांगितलं तेव्हा पटकन खाली ठेवला. पोरगा शब्द नव्हता ऐकत, माणसं वाचत होता, आणि त्यात इतका हुशार होता की घरात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बोलणं उशिरा आहे पण समज पक्की आहे अशी मुलं वेगळी, समजच कच्ची आहे अशी वेगळी, आणि दुसऱ्या प्रकारात काळजी जास्त, हे तेव्हाही मला माहीत होतं.

आजी म्हणाली, "अगं, याचा बाप पण चार वर्षांचा होईतो मुकाच होता, आता बघ, कोणाला बोलू देत नाही." सगळे हसले, मी पण हसले. खरं तर तिथे माझं पेन चालायला हवं होतं. घरात आधी कोणी उशिरा बोललेलं असणं ही दिलासा देणारी गोष्ट नाही, उलट तो धोक्याचा कंदील आहे, कारण भाषेची ही अडचण बरेचदा घराण्यातून येते. पण आपल्याकडे बरोब्बर हेच वाक्य थांबायचं कारण म्हणून वापरतात. आजीने मधात वेखंड उगाळून जिभेवर लावून झालं होतं, जीभ जड आहे म्हणून. जीभ छान होती. कान पण छान होते, आधी बेरा, म्हणजे कानाची तपासणी, करून घेतली, ती नॉर्मल आली. मग रील्स केली, रील्स म्हणजे हल्लीची मोबाइलवरची नाही हो, आमची लहान मुलांची भाषा मोजायची एक जुनी स्केल आहे, तीन वर्षांपर्यंतची, हा त्यातही दीड-पावणेदोनच्या आसपास बसला.

आणि मग मी ते सांगितलं जे पुढे मला फार लागलं. नर्सरीच्या बाईंनी आधीच घरी इंग्लिशच बोला असं बजावलं होतं, चार भाषांनी पोराचा गोंधळ होतो म्हणून. मी नवी होते, आणि आमच्यात तेव्हा सर्रास हेच चालायचं. मीही मान डोलावली, म्हटलं हो, एकच भाषा ठेवा. आईचं इंग्लिश म्हणजे "कम, सिट, ईट, डोन्ट". त्या माउलीने तेवढ्यावर सहा महिने काढले. सप्टेंबरमध्ये बोलता बोलता म्हणाली, "सासूबाई तर आता त्याच्याशी बोलतच नाहीत, माझ्यामुळे बिघडायला नको म्हणतात." रात्री गोष्ट सांगायची पण बंद केली होती त्यांनी. ज्या घरात दिवसभर सगळ्यात जास्त बोलणारं माणूस आजी होती, तिथे मी तिलाच गप्प केलं.

कॅनडातल्या फ्रेंच आणि इंग्लिश अशा दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २००३ मध्येच आला होता, भाषेची अडचण असलेली दुभाषी मुलं तशीच अडचण असलेल्या एकभाषी मुलांपेक्षा मागे नव्हती. ही अडचण भाषा जास्त झाल्याने होत नाही, आणि जी असते ती सगळ्या भाषांत दिसते. मी तो अभ्यास तेव्हा वाचला नव्हता. पुढच्या भेटीला मी आईला सांगितलं की मराठी सुरू करा, आजींना बोलू दे. पण चुकले असं म्हटलं नाही, म्हटलं काय, तर "आता त्याची तयारी झालीय, आता चालेल."

पुढे आठवड्यातून दोनदा, दोन वर्षं. शब्द वाढले, वाक्यं आली, पण कशी, तर "आजी आला, चप्पल काढला", "आई पोळी केला", "मी शाळा जातो". ने, ला, त, ची हे जे मराठीतले चिकटणारे तुकडे आहेत ते गळायचे, आणि क्रियापद कोणाशी जुळवायचं हे हाताला लागायचं नाही. यात बडोद्याची एक गंमत आहे, इथे मोठी माणसंसुद्धा गुजरातीच्या सवयीने स्त्रीलिंग-पुल्लिंग बिनधास्त फिरवतात, त्यामुळे पोराची चूक ही चूक की शेजाऱ्यांची भाषा हे ठरवायला मला त्याच्या बहिणीचं बोलणं टिपून घ्यावं लागलं. बहीण पोळी केली म्हणायची. मग त्याची चूक ही चूकच.

एप्रिल २००७, पावणेसहा वर्षांचा झाला तोवर बाबू बोलत होता. पूर्ण वाक्यं, पाहुण्यांना कळणारी. आई पेढे घेऊन आली, मी फाइलवर "बरा झाला" लिहिलं. माझ्या डोक्यात कॉलेजमध्ये शिकलेला बिशप आणि अॅडम्स यांचा १९९० चा पेपर होता, त्यात ज्या मुलांची भाषा साडेपाचपर्यंत रुळावर येते ती वाचायला-लिहायला नीट शिकतात असं आलं होतं. मला वाटलं, झालं, बसलं गणित. त्याच मुलांना १५-१६ व्या वर्षी परत तपासलं होतं आणि तो पेपर १९९८ लाच छापून आला होता, बोलण्यात ती मुलं ठीकठाक, पण वाचन, स्पेलिंग, शब्दांतल्या आवाजांशी खेळायची कामं यात बरोबरीच्यांच्या मागे. पहिला भाग परीक्षेला होता म्हणून मला पाठ होता. दुसरा परीक्षेला नव्हता.

याला अमेरिकेत १९९० मध्येच कोणीतरी भास होणारी रिकव्हरी असं म्हणून ठेवलंय, म्हणजे मूल बरोबरीच्यांना गाठतं असं दिसतं, मग शाळेत भाषा एकदम चढण घेते आणि ते परत मागे पडतं.

चौथीत, २०१० च्या पावसाळ्यात, आई परत आली. शाळेचं म्हणणं, लक्ष देत नाही, आळशी आहे. वाचून दाखव म्हटलं तर अक्षरं लावत लावत परिच्छेद संपवला, आणि काय वाचलं विचारलं तर माझ्याकडे बघत बसला. गणिताची आकडेमोड उत्तम, पण "टोपलीत १३ आंबे होते, ५ काढले, उरलेले ४ मुलांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती" याचं उत्तर २२. तिन्ही आकडे दिसले, बेरीज केली. "वही काढ, पान ४२ उघड आणि कालचं राहिलेलं पूर्ण कर" म्हटलं की वही काढून बसून राहायचा, बाकीचं हवेत विरलेलं. बाईंना तो ऐकत नाही असं वाटायचं, तो ऐकायचा, पण तेवढं मावायचं नाही. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांग म्हटलं तर हातवारे सुंदर, शब्द "कावळा, पाणी, दगड टाकला, झालं". दगड का टाकले? "खेळत होता."

मग मी त्याला खोटे शब्द म्हणायला दिले. हे फार साधं आणि फार निर्दय टेस्टिंग आहे, अर्थ नसलेले शब्द एकदा ऐकायचे आणि तसेच म्हणायचे, टपोनी, करिबडे, मुलोटगिसा. तीन अक्षरांपर्यंत ठीक, पुढे सगळं विस्कटलं. १९९६ च्या जुळ्या मुलांवरच्या अभ्यासातून कळलेलं आहे की ज्यांची भाषा वरवर सुधारलेली असते त्यांचंही हे कच्चंच राहतं, आणि हे बरंच आनुवंशिक आहे. वडिलांनाही गंमत म्हणून तेच शब्द दिले. ते चार अक्षरांवर अडखळले, मग चिडले, म्हणाले, "ही काय फालतूगिरी." फाइलवर मी "बरा झाला" खोडलं.

बुद्धीचं बोलायचं तर भाषा न लागणाऱ्या, आकृत्यांच्या कोड्यांत तो त्याच्या वयापेक्षा पुढे होता. बाबूच्या या अडचणीला आता डीएलडी म्हणतात, भाषेचा विकासात्मक विकार, २०१६-१७ मध्ये पन्नासहून जास्त तज्ञांनी एकत्र येऊन ते नाव पक्कं केलं, त्याआधी दहा नावं होती. इंग्लंडमधल्या सरे भागात पहिलीच्या वयाच्या मुलांत ७ टक्क्यांच्या थोडं वर निघालं. म्हणजे ५५-६० च्या वर्गात चार पोरं. ऑटिझमबद्दल आता निदान ऐकलेलं तरी असतं, याचं नाव बडोद्यात मी शिक्षकांना विचारते तेव्हा अजून दहात एखादाच हात वर होतो.

बाबूच्याच दिवसांत आलेला आणखी एक मुलगा होता, "र" ला "ल" म्हणायचा, घरचे बाबूच्या घरच्यांपेक्षा दुप्पट घाबरलेले, कारण ते कानाला लगेच कळतं ना. तो दोष आठ महिन्यांत गेला आणि पुढे त्याचं छानच झालं. कॅनडात ओटावाला १९८२ पासून पाच वर्षांच्या मुलांना धरून जो अभ्यास चाललाय, बोलण्या-भाषेची अडचण असलेली १४२ आणि नसलेली १४२, त्यातही हेच दिसलं, नुसता उच्चाराचा प्रश्न असलेली मुलं मोठेपणी बरीचशी बाकीच्यांसारखी, भाषेचा प्रश्न असलेली मात्र शिक्षणात आणि नोकरीत मागे. घरचे ज्याला घाबरतात आणि ज्याला घाबरायला हवं, ते बहुतेक वेळा वेगळंच असतं.

पाचवीपासून वडिलांनी गुजराती मीडियममध्ये टाकलं. मला तेव्हा पटलं नव्हतं, आता वाटतं तो त्यांचा सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण निदान मास्तर काय बोलतात ते गल्लीतल्या भाषेत होतं.

आठवी-नववीचं मी फारसं लिहीत नाही, आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. चार मित्र हसले की हा अर्ध्या सेकंदाने हसायचा. पोरांना ते कळलं, मग मुद्दाम काहीतरी निरर्थक बोलून हसायचे, हा हसला की त्याच्यावर हसायचे. तोंडी परीक्षेच्या दिवशी पोट दुखायचं. मंद हे नाव पडलं. नवरात्रात मात्र रात्री दोनपर्यंत गरबा, तिथे बोलावं लागत नाही. ओटावाच्या मुलांत १९ व्या वर्षी सोशल अँक्झायटी जास्त आढळली, आणि मँचेस्टरच्या अभ्यासात, तिथे १९९५ पासून भाषेची अडचण असलेली सात वर्षांची २४२ मुलं घेतली होती, १६ व्या वर्षी चिंता आणि उदासी जास्त. पण त्याच मँचेस्टरमध्ये साधारण ६० टक्के मुलांची मैत्री चांगलीच होती, हे कोणी सांगत नाही. बाबूला एक मित्र होता, एकच, शेजारच्या पानवाल्याचा मुलगा. तो एक पुरला.

दहावी मार्च २०१७. जास्त वेळ मिळावा म्हणून आई कागद घेऊन फिरली. एका टेबलावर साहेबांनी बाबूलाच विचारलं, "तुझं नाव काय?" त्याने सांगितलं. "बोलतो की!" म्हणून कागद परत. दिव्यांग हक्कांचा नवा कायदा डिसेंबर २०१६ मध्ये पास झाला आणि एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला, याची परीक्षा मधल्या मार्चमध्ये, नशीब बघा. आणि त्या कायद्यातही वाचा-भाषेच्या दिव्यांगतेची व्याख्या कायमच्या, शारीरिक किंवा मेंदूच्या कारणाने आलेल्या अडचणीची आहे, स्वरयंत्र काढलेलं किंवा पक्षाघाताने भाषा गेलेली असं. बाबूसारखी मुलं त्यात बसत नाहीत, शिरायचं तर वाचनाच्या अडचणीच्या दारातून शिरावं लागतं. इंग्लिश आणि समाजशास्त्र गेलं, जुलैच्या पूरक परीक्षेत निघालं.

मग तरसालीची आयटीआय, मशिनिस्ट, दोन वर्षं. इथे पोरगा उघडला. ड्रॉइंग बघून त्याला तुकडा डोक्यात फिरवता यायचा, सरांनी तोंडी सांगितलेलं विसरायचा म्हणून फळ्यावरच्या प्रत्येक गोष्टीचा फोटो. थिअरी कशीबशी, प्रॅक्टिकल पहिल्या पाचात. आता मकरपुऱ्यातच सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर आहे, वडिलांच्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्या सोडून, पगार वडिलांपेक्षा जास्त. शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये लिहायचं असतं ते त्याला जड जातं, म्हणून तो मशीनच्या पॅनेलचा फोटो काढून त्यावर लाल गोल करून ग्रुपवर टाकतो. आधी सुपरवायझर ओरडला, आता म्हणे सगळेच तसं करतात.

लायसन्स मात्र चौथ्या खेपेला मिळालं. गाडी उत्तम चालवतो, अडलं कुठे, तर लर्निंगच्या कॉम्प्युटरवरच्या प्रश्नांत, प्रश्न वाचून होईपर्यंत सेकंद संपायचे. मला हे ऐकून हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण मँचेस्टरवाल्यांनी याच वयात, २४ व्या वर्षी, नेमकं हेच मोजलेलं आहे, या मुलांत लायसन्स असणारे कमी. मी वाचलं होतं आणि बाबूला कधी विचारलं नव्हतं. पानवाल्याच्या मुलाने सगळे प्रश्न वाचून व्हॉइस नोट करून दिले, ते ऐकून ऐकून पास झाला.

आता घरी मुली बघणं चाललंय. पहिल्या ठिकाणी पोहे खाऊन हा तासभर गप्प, त्यांच्याकडून निरोप आला की मुलगा शिष्ट वाटला. आईला ते फार लागलं. मी म्हटलं पुढच्या वेळी आधीच सांगा, की कमी बोलतो, पण शेजाऱ्यांचा गॅस सिलेंडर न सांगता वर नेऊन ठेवतो. मदत करण्यात ही मुलं कुठेही कमी नसतात, हे पण मोजून झालेलं आहे.

मी त्याला विचारलं, एकंदर कसं चाललंय. "जलसा," म्हणजे गुजरातीत एकदम मजेत. ओटावाच्या मुलांना पंचविशीत असंच विचारलं होतं, शिक्षण कमी, नोकऱ्या खालच्या दर्जाच्या, तरी आयुष्याबद्दलचं त्यांचं समाधान बाकीच्यांपेक्षा कमी नव्हतं. मला यातून शिकवण वगैरे काढायची नाहीये, कारण जलसा म्हणणाऱ्याच माणसाने पाच मिनिटांनी सांगितलं की बँकेत फॉर्म भरायला तो अजून बहिणीला घेऊन जातो.

मग मला राहवलं नाही, मी त्याला ते जुने खोटे शब्द दिले. मुलोटगिसा अजूनही विस्कटला. तो म्हणाला, "मॅडम, असा शब्दच नाही ना. असता तर मी फोटो काढला असता."

भाचीकडे वळलो. पंधरा-सोळा शब्द, दोन शब्द जोडत नाही, आजोबा उशिरा, मामा उशिरा. यातली पुष्कळ मुलं आपोआप भरून काढतात, काही नाही काढत, आणि दोन वर्षांच्या मुलाकडे बघून कोण कुठे जाईल हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून घराण्यात असेल तर मी आता थांबा म्हणत नाही. २०१३ पासून सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषेतला उशीर तपासायच्या यादीत आहे, पण हिला आणलं ते कोणत्या यादीने नाही, मामाने. बहिणीला म्हणाला होता म्हणे, "ही माझ्यासारखी ऐकते." पुढच्या मंगळवारी बेरा आहे.

निघताना मी नेहमीचं सांगितलं, घरात ज्या भाषेत प्रेमाने बोलता त्याच भाषेत बोला, मराठी, गुजराती, काहीही बंद करू नका, गोष्टी सांगा. तो दारात थांबला, भाचीची चप्पल पायात घालत होता, वर न बघता म्हणाला,

"मागच्या वेळी तर नको म्हणाला होता तुम्ही. आजी सांगायची."

आजी २०१९ मध्ये गेली.

"हो," म्हटलं, "माझं चुकलं होतं तेव्हा."

"बरं," म्हणाला. मग भाचीला उचललं आणि पार्किंगकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "ती बघ आपली गाडी. गाडी. म्हण."

"दाई," ती म्हणाली.